शिडाची जुनी नौका घेताना...

समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या नागपुरात शिडाची नौका विकत घेण्याचा विचार अनेकांना नवलाचा वाटेल. तथापि, शिडाला समुद्रच हवा असे नाही; त्याला मोकळे पाणी आणि वारा पुरेसा असतो. अंबाझरी तलावावर एनसीसीच्या नौदल शाखेच्या छात्रांनी शीड आणि वल्हे हाताळण्याचे धडे गिरवले आहेत. हैदराबादच्या हुसेनसागरावर शिडाच्या नौकांच्या राष्ट्रीय स्पर्धा भरतात. नागपूरप्रमाणेच समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या भोपाळमध्ये बड्या तलावाच्या काठी राष्ट्रीय सेलिंग स्कूल आहे. तेथे घडलेल्या नेहा ठाकूर हिने सप्टेंबर २०२३ मध्ये हांगचौ आशियाई स्पर्धेत रौप्यपदक पटकावले. त्याआधी, १९ मे २०१० रोजी कमांडर दिलीप दोंदे यांनी शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली, तेव्हा मराठी घरांतही या खेळाविषयी कुतूहल जागे झाले.

कुतूहलाचे रूपांतर छंदात होऊ लागले, की पहिला अडसर येतो तो किमतीचा. नव्या नौका तयार करणारे कारखाने देशात मोजकेच आहेत. परदेशी नौकेवर सीमाशुल्क द्यावे लागते. त्यातच २२ सप्टेंबर २०२५ पासून विहार आणि क्रीडानौकांवरील वस्तू व सेवा कर ४० टक्के झाला आहे. साहजिकच नवशिक्यांची नजर मुंबई, पुणे, हैदराबाद येथील क्लबांतून आणि हौशी मंडळींकडून विक्रीस निघणाऱ्या जुन्या नौकांकडे वळते.

जुनी नौका घेण्यात गैर काहीच नाही. भारतीय लष्कराच्या अभियंता दलाची 'तृष्णा' ही नौका घेतली तेव्हा नवी नव्हती. सुमारे ३७ फूट लांबीच्या या नौकेने सप्टेंबर १९८५ मध्ये मुंबई सोडली आणि जगाला वळसा घालून १० जानेवारी १९८७ रोजी ती परतली. जुनेपण हा नौकेचा दोष नव्हे. दुर्लक्ष हा दोष आहे. तो रंगाच्या एका हाताने सहज झाकता येतो, आणि नवशिक्याची फसगत नेमकी तेथेच होते.

जुनी मोटार वाटेत बंद पडली, तर ती रस्त्याच्या कडेला उभी करता येते. तलावाच्या मध्यभागी अशी कडा नसते. जुलै २०१७ मध्ये नागपूरजवळच्या वेणा जलाशयात होडी उलटून तरुणांचे बळी गेले, ही आठवण शहरात अद्याप पुसलेली नाही. त्यामुळे खरेदीपूर्वीची तपासणी ही केवळ पैशाची काळजी नसून, जिवाचीही आहे.

आधी पाणी, मग नौका

नौका पाहण्यास निघण्यापूर्वी ती कोठे चालवणार, याचे उत्तर हाती असावे. अंबाझरी आणि फुटाळा हे शहरातील तलाव. तेथे स्वतःची नौका उतरवण्यासाठी संबंधित यंत्रणेची लेखी परवानगी लागेल, असे धरूनच चालावे. धरणांच्या जलाशयांसाठी जलसंपदा विभागाकडे विचारणा करावी. पेंच व्याघ्र प्रकल्पातील तोतलाडोहाच्या पाण्यावर खासगी नौका नेता येईल, असे कोणीही गृहीत धरू नये. रामटेकजवळच्या खिंडसी जलाशयावर नौकाविहाराची व्यवस्था आहे. मात्र तेथेही स्वतःची नौका आणण्यापूर्वी चालकांशी आणि विभागाशी बोलून घेणे इष्ट.

यानंतर प्रश्न येतो ठेवण्याचा. काठावर उतार आहे का, नौका पाण्यात लोटण्यास दोन माणसे पुरतील का, ती छपराखाली ठेवता येईल का, हे पाहावे. नागपूरचा मे महिना माणसांना सोसवत नाही, तसा तो फायबरग्लास आणि कापडालाही सोसवत नाही. बंद नौकेच्या पोकळीतील हवा उन्हात तापून फुगते आणि सांध्यांवर ताण येतो. म्हणून उन्हात ठेवलेल्या नौकेचे बूच नेहमी काढून ठेवावे लागते. आधीच्या मालकाला हे ठाऊक होते का, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

तलावातील जलपर्णीचाही विचार करावा. नौकेच्या तळातून पाण्यात उतरणारी फळी, जिला सेंटरबोर्ड म्हणतात, ती जलपर्णीत अडकली की नौका जागच्या जागी थांबते. अशा पाण्यात फळी आणि सुकाणू चटकन वर उचलता येणारी नौका सोयीची ठरते.

कोणती नौका?

भारतात जुन्या बाजारात प्रामुख्याने काही ठरावीक वर्गांच्या लहान नौका आढळतात. पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी 'ऑप्टिमिस्ट' ही सुमारे २.३ मीटर लांबीची, चौकोनी तोंडाची नौका जगभर वापरली जाते. तिची काया ३५ किलो वजनाची असते. मोठ्यांसाठी 'लेझर' ही एकट्याने चालवायची ४.२ मीटरची नौका आहे. आता ती 'इल्का' या नावाने ओळखली जाते. तीच काया ठेवून तीन आकारांची शिडे वापरता येतात. त्यामुळे हलक्या वजनाच्या व्यक्तीने मोठे शीड असलेली नौका घेऊन पस्तावण्यापेक्षा लहान शिडाचा संच मागून घ्यावा. 'एंटरप्राइज' ही दोघांनी चालवायची ४ मीटरची नौका १९५६ सालची रचना असून, भारतातील अनेक पिढ्या तिच्यावर शिकल्या. कुटुंबातील दोघांना एकत्र शिकायचे असेल, तर ती उत्तम.

नवशिक्याने सर्वसामान्य वर्गाचीच नौका घ्यावी. कारण सरळ आहे. तिचे सुटे भाग मिळतात, तिची दुरुस्ती जाणणारे भेटतात आणि हौस फिटल्यावर ती विकली जाते. कोणी घरच्या घरी बांधलेली, एकमेव नमुन्याची नौका स्वस्त मिळाली, तरी तिची तुटलेली कडीदेखील पुढे महाग पडते.

केबिन आणि जड लोखंडी किंवा शिशाचा कणा असलेली मोठी नौका समुद्रासाठी घ्यायची असेल, तर ती पाण्याबाहेर काढून व्यावसायिक मरीन सर्व्हेयरकडून तपासून घेण्यास पर्याय नाही. कण्याचे बोल्ट, पाण्याखालील झडपा आणि इंजिन यांचा निवाडा नवशिक्याच्या आवाक्याबाहेरचा असतो.

काया : डोळा, बोट आणि नाणे

तपासणी नेहमी दिवसाउजेडी, कोरड्या आणि रिकाम्या नौकेची करावी. नौका उलटी करून तिच्या तळावरून तिरकस नजर टाकावी. सपाट जागी खळगा किंवा लाट दिसली, तर तेथे कधी तरी दुरुस्ती झाली आहे, असे समजावे. दुरुस्ती वाईट नसते. लपवलेली दुरुस्ती वाईट असते.

फायबरग्लासच्या वरच्या चकचकीत थराला जेलकोट म्हणतात. त्यावर केसासारख्या बारीक रेषा असतात. त्या केवळ वरच्या थरात असतील, तर चिंतेचे कारण नाही. परंतु एका बिंदूतून चांदणीसारख्या फुटलेल्या भेगा दिसल्या, तर तेथे अंगठ्याने जोर द्यावा. पृष्ठभाग आत दबला किंवा कुरकुरला, तर आतील थर सुटले आहेत. तळावर बारीक फोड दिसले, तर पाणी थरांत मुरले असण्याची शक्यता असते. फायबरग्लासच्या नौकेला नुकताच रंग दिलेला असेल, तर तो का दिला, हे विचारावेच.

त्यानंतर खिशातील नाणे काढून सर्वत्र हलके टिचकावे. टणक, स्वच्छ आवाज आला तर ठीक. मध्येच बद्द आवाज आला, तर तेथे खडूने खूण करावी. अशा खुणा जेथे दाटतील, तेथे नौका आजारी आहे. बसण्याची जागा, डोलकाठीचा परिसर आणि वरचा पृष्ठभाग पायाने दाबून पाहावा. ओल्या स्पंजासारखा लिबलिबीतपणा हे वाईट लक्षण होय.

लाकडी नौकेत सांध्यांपाशी आणि पाणी साचणाऱ्या कोपऱ्यांत टोच्याने हळूच टोचून पाहावे. चांगले लाकूड टोच्याला विरोध करते. कुजलेले त्याला आत घेते. प्लायवुडचे थर कडेला सुटले आहेत का, तेही पाहावे. कुजण्याचा वास नाकाला आधी कळतो, म्हणून बंद कप्पे उघडून आधी वास घ्यावा.

पाणी कोठे शिरते?

लहान नौका उलटते, हा अपघात नसून खेळाचा भाग आहे. उलटल्यावर ती तरंगत राहिली पाहिजे. त्यासाठी तिच्या पोटात हवेच्या बंद पोकळ्या, फोम किंवा हवेच्या पिशव्या असतात. नौकेचा खरा विमा तोच, आणि नवशिके त्याकडेच सर्वांत कमी पाहतात.

हवेच्या पिशव्या रात्री फुगवून सकाळी पाहाव्यात. त्या बांधणाऱ्या पट्ट्या कुजल्या असतील, तर उलटलेल्या नौकेतून पिशवी निसटून वर जाईल आणि नौका खाली. बंद पोकळीची तपासणी साबणाच्या पाण्याने होते. बुचाच्या छिद्रातून तोंडाने हलकेच हवा भरावी आणि सांध्यांवर साबणाचा फेस लावावा. बुडबुडे आले तेथे गळती आहे. पंप मात्र लावू नये. त्याच्या दाबाने चांगला सांधाही सुटतो.

'लेझर' नौकेसाठी एक जुनी आणि खात्रीची चाचणी आहे. डोलकाठी ज्या खोल नळीत उभी राहते, ती पाण्याने काठोकाठ भरून काही वेळ थांबावे. पाण्याची पातळी उतरली, तर नळीचे बूड फुटले आहे. अशी नौका जोराच्या वाऱ्यात डोलकाठीसह फाटू शकते. ही चाचणी करू देण्यास विक्रेता का-कू करत असेल, तर नौका तेथेच सोडून परतावे.

शेवटी वजन. 'लेझर'ची काया सुमारे ५९ किलोची असते. ती काट्यावर बरीच जड भरली, तर ते वजन रंगाचे नव्हे. बहुधा आतील फोमने पाणी शोषले आहे आणि तो वाळवणे सोपे नाही.

डोलकाठी आणि तारा

डोलकाठी आडवी ठेवून तिच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे एक डोळा मिटून पाहावे. कायमचा बाक लगेच दिसतो. ॲल्युमिनियमच्या काठीवर जेथे स्टीलचे रिबीट किंवा स्क्रू बसवलेले असतात, तेथे पांढरी भुकटी साचली आहे का, हे पाहावे. दोन भिन्न धातू आणि खारे पाणी एकत्र आले, की ॲल्युमिनियम झिजते. मुंबईहून आलेल्या नौकेत हा दोष अधिक संभवतो. नागपूरचे गोडे पाणी धातूला सौम्य असले, तरी आधी मुरलेले मीठ ते काढून टाकत नाही.

डोलकाठी तोलून धरणाऱ्या तारांवरून सुती फडके फिरवावे. उघडा हात फिरवू नये. फडके अडकले, तेथे तारेचा एक धागा तुटला आहे. एक धागा तुटला म्हणजे बाकीच्यांचा भरवसा संपला. ती तार बदलावीच लागते. तार जेथे टोकाच्या नळीत शिरते आणि ज्या पट्टीला ती अडकते, तेथे बारीक चीर किंवा गंजाचा ओघळ आहे का, तेही पाहावे.

शीड

शीड हे नौकेचे इंजिन. ते बहुधा डॅक्रॉन या पॉलिस्टर कापडाचे असते. नवे कापड कागदासारखे कडक असून करकरते. उन्हाने थकलेले कापड धोतरासारखे मऊ पडते. ते फाटलेले नसले, तरी त्याचा आकार टिकत नाही आणि नौका वाऱ्याच्या दिशेने वर चढत नाही. नवशिक्याला मग वाटते, आपल्यालाच जमत नाही.

शीड उजेडासमोर धरून छिद्रे शोधावीत. शिवण नखाने खरवडून पाहावी. दोरा तुटत असेल, तर कापड चांगले असूनही संपूर्ण शिवण नव्याने घालावी लागेल. कापडाआधी दोरा उन्हाने जातो, हे लक्षात ठेवावे. तिन्ही कोपऱ्यांतील कड्या आणि पट्ट्या घालण्याचे खिसे यांवर सर्वाधिक ताण येतो. 'शीड जवळजवळ नवे आहे' हे वाक्य प्रत्येक विक्रेता म्हणतो. त्याचे उत्तर कापड देते.

सुकाणू, फळी आणि दोर

सुकाणू बिजागऱ्यांवर खिळखिळे होते का, हे हाताने हलवून पाहावे. नौका उलटल्यावर सुकाणू निसटू नये यासाठी पकड असते; ती शाबूत हवी. सेंटरबोर्ड वाकलेला किंवा कडेला फुटलेला नसावा, तो आपल्या खाचेत सहज सरकावा. खाचेच्या कोपऱ्यांतून पाणी झिरपणे हा जुन्या नौकांचा नेहमीचा रोग आहे. दोर स्वस्त असतात, त्यामुळे ते खराब असले तरी व्यवहार मोडू नये. मात्र त्यांची किंमत भावातून वजा करावी.

ट्रेलर आणि प्रवास

मुंबईहून नागपूरपर्यंतचा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ पासून पूर्ण खुला झाल्यामुळे नौका आणणे पूर्वीपेक्षा सोपे झाले आहे. परंतु काँक्रीटचा तापलेला रस्ता आणि वर्षानुवर्षे उभ्या ट्रेलरचे तडकलेले टायर यांचा मेळ बसत नाही. टायर, बेअरिंग, दिवे आणि जोडणीचा आकडा पाहूनच निघावे. ट्रेलर नसेल, तर मालवाहू गाडीत जुन्या गाद्यांवर नौका ठेवून, डोलकाठी वेगळी बांधून आणावी. नौका आवळून बांधल्याने प्रवासातच तिच्या कडा फुटल्याची उदाहरणे कमी नाहीत.

कागदपत्रे

विक्रेता हाच मालक आहे, याची खातरजमा करावी. नौका क्लबची असेल, तर समितीचे पत्र. सरकारी संस्थेने लिलावात काढलेली असेल, तर लिलावाची पावती. परदेशातून आलेली असेल, तर सीमाशुल्क भरल्याची कागदपत्रे मागावीत. 'लेझर'च्या पुढच्या कडीखाली किंवा मागच्या फळीवर क्रमांक असतो. तो कागदावरील क्रमांकाशी जुळवून पाहावा. स्पर्धेत उतरायचे असेल, तर त्या वर्गाचे मोजमाप प्रमाणपत्रही हवे.

अंतर्देशीय जलयान कायदा, २०२१ अन्वये इंजिनाच्या नौकेला नोंदणी लागते. इंजिन नसलेल्या नौकांची नोंद स्थानिक स्वराज्य संस्थेकडे करण्याची तरतूदही त्यात आहे. शिडाच्या नौकेला मागे लहान मोटर बसवण्याचा विचार असेल, तर नियम बदलतात. म्हणून महाराष्ट्र सागरी मंडळाकडे आधी चौकशी करावी.

पाण्यावरची परीक्षा

काठावरच्या सर्व तपासण्या उत्तम झाल्या, तरी पाण्यावर गेल्याशिवाय पैसे देऊ नयेत. अनुभवी नाविकाला सोबत न्यावे. तो विक्रेत्याचा स्नेही नसावा. किमान एक तास नौका चालवावी, वाऱ्याच्या दोन्ही बाजूंनी वळवावी आणि काठाजवळ, लाइफ जॅकेट घालून, मुद्दाम उलटवावी. ती सहज सरळ झाली पाहिजे. काठावर आल्यावर बूच काढून आतून किती पाणी निघते, ते मोजावे. पेलाभर पाणी क्षम्य आहे. बादलीभर पाणी म्हणजे काठावर न सापडलेली गळती आहे.

नौकेसोबत फुकट मिळणारी जुनी लाइफ जॅकेट हा नफा समजू नये. आतील फोम दबतो, पट्टे कुजतात. ज्याला नीट पोहता येत नाही, त्याच्यासाठी चेहरा पाण्यावर ठेवणारे, मापाचे नवे जॅकेट घ्यावे. नागपूर परिसरात एप्रिल-मे महिन्यांत दुपारनंतर अचानक वादळी वारे सुटतात. पहिली परीक्षा म्हणूनच सकाळी द्यावी.

भाव ठरवताना

नौकेची किंमत म्हणजे विक्रेत्याने सांगितलेला आकडा नव्हे. त्यात वाहतूक, ट्रेलर, बदलायच्या तारा, शीड, दोर, जॅकेट आणि दुरुस्ती मिळवावी, मगच बेरीज पाहावी. पुष्कळदा दोन नौकांतील स्वस्त नौका या बेरजेत महाग ठरते. काया चांगली आणि शीड वाईट असेल, तर व्यवहार करण्यासारखा आहे. शीड बदलता येते. काया वाईट असेल, तर नवे कोरे शीडही तिला वाचवत नाही.

पहिला हंगाम एखाद्या क्लबात, दुसऱ्याच्या नौकेवर शिकण्यात घालवला, तर उत्तमच. कोणती नौका आपल्याला मानवते, हे तेव्हा कळते आणि वरील प्रत्येक दोष ओळखण्याची नजरही येते.

चौकट : खरेदीपूर्वी विचारावयाचे दहा प्रश्न

१. नौका कोठे चालवणार आणि तेथील लेखी परवानगी मिळेल का?
२. विक्रेता हाच मालक आहे का. क्रमांक कागदाशी जुळतो का?
३. नौका खाऱ्या पाण्यात होती की गोड्या?
४. ती उन्हात राहिली की छपराखाली?
५. कोणती दुरुस्ती झाली आणि कोणी केली?
६. वजन त्या वर्गाच्या ठरलेल्या वजनाच्या जवळ आहे का?
७. हवेच्या पोकळ्या आणि पिशव्या हवा धरतात का?
८. तारा, रिबीट आणि डोलकाठीचे बूड शाबूत आहे का?
९. शिडाचे कापड करकरते का; शिवण नखाला टिकते का?
१०. उलटवून सरळ केल्यावर आत किती पाणी आले?

यांतील सातव्या किंवा दहाव्या प्रश्नाचे उत्तर समाधानकारक नसेल, तर बाकीची आठ उत्तरे कितीही चांगली असली, तरी नौका घेऊ नये.